धामणखिंडीचं कडं

आकाश कोरं निघालं तेव्हा शलाका जोगदंडला वाटलं, संगणकाचंच काहीतरी बिनसलं असणार. दूध नासलं की माणूस आधी भांड्याला बोल लावतो, तसंच हे. तिने चहा मागवला, खुर्ची पुढे ओढली आणि सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुपारी सव्वातीनला उत्तर आलं. पडद्यावर पुन्हा तोच दाणेदार करडा तुकडा होता, आणि त्याच्या मधोमध जिथे कडं असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं.

ते कडं म्हणजे शलाकाची सगळी इभ्रत होती. तिचं वय छत्तीस, गाव अंबाजोगाई, आणि गेली नऊ वर्षं ती जुन्नरच्या बाजूला, धामणखिंड गावापलीकडच्या माळावरच्या रेडिओ दुर्बिणीवर शास्त्रज्ञ म्हणून काम करत होती. २०३९ साली तिला ते कडं सापडलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचा फोटो छापला होता आणि आईने तो देवघराशेजारी लावला होता.

आता कड्याचं एवढं कौतुक का, ते सांगायला हवं. मोठा तारा मरतो तो स्फोट होऊन. बाहेरचा सगळा माल चहूकडे उधळला जातो आणि आत उरतो गाभा, आकाराने एखाद्या शहराएवढा पण वजनाने सूर्याहून जड. हा न्यूट्रॉन तारा. उधळलेल्या मालाचा फुगा हजारो वर्षं पसरत जातो. त्यात सापडलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगरत रेडिओलहरी सोडतात, आणि दुर्बिणीला तो फुगा कड्यासारखा दिसतो. पण काही न्यूट्रॉन तारे अगदीच एकटे असतात. जोडीला दुसरा तारा नाही, रेडिओचे ठोके नाहीत आणि भोवती फुगाही दिसत नाही. नुसती क्ष-किरणांची मंद धग तेवढी असते. असा तारा कधी जन्मला, हे कळायला मार्ग नसतो. कडं सापडलं तर मात्र फुगा केवढा आणि तो किती वेगाने पसरतोय यावरून वय निघतं. वय कळलं की तारा किती भराभर थंड झाला ते कळतं, आणि त्यावरून त्याच्या पोटात कसला पदार्थ आहे याचा अंदाज बांधता येतो. तो पदार्थ पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत बनवता येत नाही. म्हणून जगभरातली शहाणी माणसं या फिकट कड्यांच्या मागे लागलेली असतात.

शलाकाचा तारा नऊ हजार प्रकाशवर्षं दूर होता. त्याच्याभोवती तिला दिसलेलं कडं आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहून थोडं लहान भरेल एवढं होतं, आणि इतकं फिकट की ती स्वतःसुद्धा पडद्याजवळ नाक नेऊन बघायची. एका नियतकालिकाच्या परीक्षकाने नम्रपणे लिहिलं होतं, की दुसऱ्या वर्षीची निरीक्षणं पहिल्या चित्राचा आधार न घेता एकदा कोऱ्या पाटीवरून मांडून बघावीत. तिने मांडली. पाटी कोरीच राहिली.

संध्याकाळपर्यंत तिने जुन्या फायली उपसल्या आणि चूक सापडली. ती चूक दुर्बिणीची नव्हती, संगणकाची नव्हती, आकाशात दाटलेल्या उपग्रहांचीही नव्हती.

या लोकांची कामाची एक रीत असते. इतक्या फिकट गोष्टी आपली संगणकाची आज्ञावली खरोखर पकडते का, हे तपासायला ते निरीक्षणांच्या प्रतीमध्ये मुद्दाम एक खोटं कडं घालून ठेवतात. त्याला ते पेरणी म्हणतात. नवी सून तांदूळ नीट निवडते का हे बघायला सासूने पाच खडे मोजून टाकावेत, तसा हा प्रकार. नियम एवढाच, की ज्याने पेरलं त्याने पेरणीच्या वहीत लगेच नोंद करायची. शलाकाने २०३९च्या मे महिन्यात असंच एक कडं पेरलं होतं. अर्ध्या तासाचं तर काम, कशाला वही, असं म्हणून तिने नोंद केली नाही. मग धाकट्या बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेली, आली, आणि समोर जी शेवटची प्रत होती तीच घेऊन पुढे कामाला लागली. चौथ्या दिवशी कडं सापडलं. टाकलेला खडा सासूच विसरली आणि मोती म्हणून गावभर दाखवत फिरली. दुसऱ्या वर्षीच्या मांडणीला पहिल्या वर्षीचं चित्र पाया म्हणून दिलं होतं, त्यामुळे तेच कडं तिथेही अंधूक उमटलं आणि सगळ्यांनी त्याला पुरावा म्हटलं.

त्या फायलीत कड्याची त्रिज्या लिहिलेली होती, साडेअकरा कला, म्हणजे अंशाचा जेमतेम पाचवा भाग. खाली तिच्याच नावाची आद्याक्षरं होती. तिचे कान तापले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

नुसती चूक असती तर शलाका दोन दिवस रडली असती आणि तिसऱ्या दिवशी तिने दुरुस्तीपत्र पाठवलं असतं. शास्त्रात चुका होतात. पण या कड्यापायी धामणखिंड गावाने काहीतरी दिलं होतं, आणि ते परत करता येण्यासारखं नव्हतं.

कडं सापडलं तोवर मोबाइलचे मनोरे बहुतेक निघून गेले होते. फोन थेट उपग्रहाशी बोलायचे, आणि आकाशात उपग्रहांची इतकी दाटी झाली होती की रेडिओ दुर्बिणीला फिकट काही ऐकू येणं मुश्किल झालं होतं. त्यावर तोड निघाली ती शांतवेळेची. ठरल्या मुलखावरून जाताना उपग्रहांनी आपली किरणं बंद ठेवायची. पण त्या मुलखातल्या गावांचे फोन तेवढा वेळ मुके होणार, म्हणून कायद्याने ग्रामसभेची संमती लागायची. कड्याची खातरजमा करायला शलाकाला पुढच्या वर्षी जानेवारी ते मार्च रोज चार तास हवे होते. तारा दररोज चार मिनिटं लवकर उगवतो, त्यामुळे हे चार तासही दर पंधरवड्याला तासभर अलीकडे सरकायचे. सोय म्हणून ग्रामपंचायतीच्या कचेरीत तारेवरचा एक फोन बसवला होता.

त्या ग्रामसभेत शलाकाने दाताच्या कण्या केल्या, पण गाव वळलं ते तिच्यामुळे नाही. गाव वळलं भोर गुरुजींमुळे. केरू भोर गुरुजींनी तिथल्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं काढली होती आणि हात वर करणाऱ्यांतल्या निम्म्यांना मुळाक्षरं त्यांनीच शिकवली होती. विरोधाला उभी राहिली ती दूध डेअरीची रंजना डुंबरे.

"गुरुजी, तारा इतकी हजार वर्षं थांबलाय, अजून थांबंल," ती म्हणाली. "माझं दूध थांबत नाय. आन् सकाळच्या पारी कुणाला काय झालं तर?"

"रंजना, तुझी नजर किटलीच्या बुडापलीकडे कधी गेलीच नाही," गुरुजी म्हणाले. सभा हसली. रंजना खाली बसली आणि ठराव मंजूर झाला.

फेब्रुवारीच्या चार तारखेला शांतवेळ सकाळी सात ते अकरा होती. गुरुजींची बायको द्वारकाबाई, सारं गाव त्यांना अंगणवाडीच्या बाई म्हणून ओळखायचं, सव्वाआठला चुलीपुढून उठताना कोसळल्या. गुरुजींचं घर मळ्यात, गावापासून दीड किलोमीटरवर. हातातला फोन मुका. गुरुजी सत्तराव्या वर्षी धावत कचेरीपर्यंत गेले, तर कचेरीला कुलूप, कारण कचेरी उघडते दहाला. किल्ली शोधण्यात, गाडी मिळण्यात आणि नारायणगावला पोचण्यात पावणेतीन तास गेले. मेंदूत गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर चित्र वेगळं असतं. बाई वाचल्या. समज राहिली, अक्षरं राहिली, पण उजवा हात आणि वाचा गेली. आता त्या डाव्या हाताने पाटीवर लिहून बोलायच्या.

शलाका त्या घरी नऊ वर्षं जेवत आली होती. नोकरीला लागली तेव्हा खानावळीच्या डब्याने ती आजारी पडली, आणि बाईंनी तिला ताकभात खाऊ घालून उभी केली. तेव्हापासून त्या तिच्या काकू. दवाखान्यात ती गुरुजींच्या पायाशी बसून रडली, तेव्हा गुरुजींनीच तिची समजूत काढली होती.

"लोकांची माणसं काही कारण नसताना जातात, शलाका," ते म्हणाले होते. "हिचं बोलणं गेलं, पण कशापायी गेलं ते मला ठाऊक आहे. वाया नाही गेलं."

कोऱ्या आकाशापुढे बसलेल्या शलाकाला हेच शब्द आठवले, आणि धरणीने आपल्याला पोटात घ्यावं असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने दुर्बिणीच्या केंद्राचे संचालक डॉ. हेरवाडकर यांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"दुरुस्तीपत्र जाईल. ते टाळता येणार नाही आणि टाळायचंही नाही," ते म्हणाले. "पण त्याला महिना-दोन महिने लागतील. तोवर गावात बोलू नकोस. पुढच्या जानेवारीला आणखी तीन गटांना शांतवेळ हवी आहे. त्यांचा काय दोष?"

"आणि भोर गुरुजी?"

"त्यांना सांगून काय मिळणार? बाईंची वाचा परत येणार आहे?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "उलट आधार आहे तो त्यांना. काढून घेऊ नकोस."

शलाकाला हे पटलं. खरं म्हणजे तिला ते पटवून घ्यायचं होतं, आणि जे पटवून घ्यायचं असतं ते लवकर पटतं. ती गप्प बसली.

गप्प बसणं सोपं असतं हा एक भ्रम आहे. चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं झालं. कोणी रस्त्यात हात केला तरी हिला वाटे, याला कळलं. त्या दिवसांत ती चार वेळा गुरुजींकडे जेवली, कारण जाणं बंद केलं असतं तर काकूंनी पाटीवर का म्हणून विचारलं असतं. आकाश कोरं निघाल्यापासून चौदाव्या दिवशी तर कहर झाला. गावाने वर्गणी काढून शाळेच्या भिंतीवर ते कडं रंगवून घेतलं होतं, खाली ‘धामणखिंडीचं कडं’ असं ठळक अक्षरात. फीत कापायला शलाकाला बोलावलं. तिने फीत कापली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी चाकाच्या खुर्चीवरून काकूंना आणलं होतं. काकू भिंतीकडे बघत नव्हत्या, शलाकाच्या तोंडाकडे बघत होत्या. घरी येऊन शलाकाने आठवण म्हणून मिळालेली ती कात्री पिशवीतून काढली, तेव्हा तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

एकोणिसाव्या दिवशी तिच्याने राहवेना. दुपारी चारच्या सुमाराला ती मळ्यात गेली. गुरुजी ओटीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. काकू आत पडल्या होत्या. शलाकाने उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, नाहीतर धीर झाला नसता. पेरणी, वही, बहिणीचं लग्न, कोरं आकाश. गुरुजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शिक्षकच ते, मुलाचं उत्तर पुरं ऐकायची सवय होती.

"म्हणजे कडं नाही," ते म्हणाले.

"असेल किंवा नसेल. आपल्याला दिसलेलं नाही. दिसलं ते मी ठेवलेलं होतं."

"म्हणजे त्या सकाळी फोन चालू असते, तरी तुमचं काही बिघडलं नसतं."

"नाही," शलाका म्हणाली. तिला वर बघवेना.

गुरुजींनी हातातली शेंग सोलून पुरी केली. "तुला कधी कळलं हे?"

"परवा," ती म्हणाली.

खरं सांगायला आलेल्या माणसाच्या तोंडून हे खोटं इतकं सहज गेलं, की ती स्वतःच दचकली. पण दुरुस्त करायला तोंड उघडेपर्यंत गुरुजी उठले होते.

"परवा कळलं आणि आज आलीस. हे चांगलं केलंस," ते म्हणाले. "लपवलं असतंस तर मी काय करणार होतो?"

यावर ती काय बोलणार? ती संधीही गेली.

गुरुजींनी खुंटीवरची टोपी घेतली. ती डोक्यावर घालून ते ओटीवरून उतरले. "तुम्ही केंद्रवाल्यांनी नुसतं सांगितलंत. हात वर करायला लावले ते मी. रंजना बरोबर बोलत होती आणि मी तिला भर सभेत हसण्यावारी नेलं. आधी तिच्याकडे जायचं, मग घरोघर."

"गुरुजी, चूक माझी आहे. मी जाते."

"तुला कोण काय बोलणार? तू शिकलेली, बाहेरची. पाणी विचारतील. मला बोलतील ते, आणि बोलायलाच पाहिजेत."

आपली लाज आपण या म्हाताऱ्याच्या डोक्यावर नेऊन ठेवली, हे शलाकाला वाटेत कळलं. गुरुजी पुढे, ती चार पावलं मागे. बांधावरून जाणाऱ्या दोघांनी गुरुजींना रामराम केला, तर त्यांनी मान वर न करता हात जोडले.

डेअरीवर संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. रंजना मापावर होती. गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की कडं खोटं निघालं, ग्रामसभेत आपण रंजनाला बोललो ते चुकलं, तिने माफ करावं. रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. एकजण पुटपुटला, मग भिंतीवर काय रंगवलंय?

रंजनाने हातातली किटली खाली ठेवली. शलाकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"बाईंला सांगितलं का?" तिने विचारलं.

गुरुजींनी शलाकाकडे पाहिलं. दोघांच्याही मनात ते आलं नव्हतं.

"मला नका हात जोडू, गुरुजी," रंजना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "माझा सकाळचा दुधाचा वखूत गेला तेवढाच. जिचं गेलं ती घरात पडलीय, आन् तुम्ही गावभर सांगत फिरताय. जा आधी घरी."

दोघं उलट पावली परत आले. काकू जाग्या होत्या, भिंतीला उशी लावून खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर पाटी. गुरुजी सांगू लागले तसा काकूंनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं आणि बोट शलाकाकडे केलं.

शलाका खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. या खेपेला फार वेळ लागला, कारण काकूंच्या चेहऱ्याकडे बघत सांगावं लागत होतं. "काकू, ते काहीच नव्हतं. तुमचं बोलणं माझ्या आळसापायी गेलं. एक ओळ लिहायची होती वहीत, ती मी लिहिली नाही," ती म्हणाली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी पेन्सिल उचलली. डाव्या हाताची अक्षरं, पहिलीतल्या मुलासारखी मोठी आणि वाकडी. एकेक अक्षर उमटेपर्यंत दोघं वाट बघत राहिले.

‘कधी कळलं’, काकूंनी लिहिलं होतं.

"अगं, परवा कळलं तिला," गुरुजी घाईने म्हणाले. "लगेच आली बघ. पोरीने लपवलं नाही, एवढं तरी आहे."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाटी तशीच शलाकापुढे धरून त्यांनी पेन्सिलीने त्या दोन शब्दांवर टकटक केली. चार वेळा तिला जेवताना त्यांनी समोरून पाहिलं होतं, फीत कापतानाही पाहिलं होतं. बोलणं गेलेल्या माणसाला बघण्याशिवाय दुसरं काम नसतं.

"एकोणीस दिवस झाले," शलाका म्हणाली. "इथे जेवायला येत होते तेव्हा ठाऊक होतं. शाळेत ठाऊक होतं. आणि मघाशी गुरुजींना परवा म्हणाले ते खोटं होतं."

गुरुजी खाटेच्या कडेला बसले. डेअरीवर हातात घेतलेली टोपी त्यांनी अजून डोक्यावर घातली नव्हती, ती त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिले. शलाकाकडे त्यांनी मान वळवली नाही.

काकूंनी तळहाताने पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला घेतलं. वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी पाटी शलाकाच्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं.

पाटीवर लिहिलं होतं, ‘हेपण सांग’.

शलाका उठली. तिने पाटी खाटेवर ठेवली, चप्पल घातली आणि बांधावरून गावाकडे निघाली. डेअरीवर अजून रांग होती. तिला एकटीला येताना बघून लोक बोलायचे थांबले, आणि रंजनाने माप भरता भरता मान वर केली.